पदकावरची गावं

ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या लढायांसाठी 1851 साली चांदीचं एक पदक निघालं, 'आर्मी ऑफ इंडिया मेडल'. त्याची फीत फिकट निळ्या रंगाची होती. पदकाच्या एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचं मस्तक आणि दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता होती. फितीवर चांदीच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असत आणि प्रत्येक पट्टीवर एका लढाईचं किंवा वेढ्याचं नाव असे. अशा एकूण 21 पट्ट्या मंजूर झाल्या. त्यांतल्या नेपाळ, आवा म्हणजे ब्रह्मदेश, आणि भरतपूर या तीन बाजूला काढल्या, तर उरलेल्या 18 पट्ट्या शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि पेशवे यांच्याशी झालेल्या युद्धांतल्या आहेत. अलीगड, दिल्ली, असई, असीरगड, लासवारी, अडगाव, गाविलगड, डीग. आणि मग 1817-18 सालच्या खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. मराठेशाही कशी संपली याची अनुक्रमणिकाच जणू कुणीतरी चांदीत कोरून ठेवली. यांतल्या दहा पट्ट्यांवरची ठिकाणं आजच्या महाराष्ट्रात आहेत. असई जालना जिल्ह्यात, अडगाव अकोल्यात, गाविलगड चिखलदऱ्याजवळ. खडकी आणि सीताबर्डी तर आता शहरांच्या पोटात गेली.

लष्करी पदक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परमवीर चक्र येतं, शौर्य येतं. पण सैनिकाच्या छातीवर जी रंगीत फितींची ओळ दिसते, तिच्यातल्या बहुतेक फिती सेवापदकांच्या असतात. शौर्यपदक एका माणसाला एका कृत्यासाठी मिळतं. सेवापदक त्या मोहिमेत, त्या मुलखात, ठरलेल्या मुदतीत हजर असलेल्या प्रत्येकाला मिळतं, मग तो बंदूकवाला असो, स्वयंपाकी असो की तारायंत्रावर बसणारा असो. 'हा माणूस तिथे होता', एवढीच त्याची साक्ष. मला ही साक्ष शौर्यपदकाहून अधिक विचार करायला लावते. कोणाची हजेरी लावायची आणि कोणाची नाही, हे ठरवणारा नेहमी सरकारात बसलेला असतो, आणि ते कसं ठरलं हे पदकं नीट वाचली तर समजतं.

जासईच्या माणसाला हा सगळा परमुलखाचा इतिहास वाटू नये. उरण-पनवेल रस्त्यावरचं हे गाव ज्या खाड्यांच्या, मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यातून पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाची ये-जा झाली. करंजा बेट, म्हणजे आपलं उरण, त्या युद्धाच्या सुरुवातीलाच इंग्रजांनी घेतलं होतं. 1782 च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिलं. नोव्हेंबर 1778 मध्ये मुंबईची फौज बंदर ओलांडून पनवेलला उतरली ती रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवायला. अटल सेतू आज ज्या पाण्यावरून येतो, ते हेच बंदर. फौज बोरघाट चढून वर गेली, कार्ल्याला कॅप्टन स्ट्युअर्ट पडला (मराठी मुलखाने त्याला शत्रू असूनही 'इष्टुर फाकडा' म्हणून लक्षात ठेवलं), आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला महादजी शिंदे आणि हरिपंत फडके यांच्यापुढे इंग्रजांना मान तुकवावी लागली.

यानंतर कर्नल गोडार्ड आला. त्याची फौज बंगालची. यमुनेच्या काठावरून निघून अर्धा हिंदुस्थान तुडवत ती सुरतेला पोहोचली होती. डिसेंबर 1780 मध्ये गोडार्डने वसई घेतली आणि 1781 च्या सुरुवातीला त्याची फौज खंडाळ्याला येऊन बसली. घाटमाथा हातात आल्यावर नाना फडणीस नमतील असा त्याचा हिशेब. नाना नमले नाहीत. परशुरामभाऊ पटवर्धनांनी कोकणात उतरून पनवेल-खंडाळा वाटेवरच्या रसदेला धरलं, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके घाटाकडून भिडले. एप्रिलमध्ये गोडार्डला माघार घ्यावी लागली. घाटापासून पनवेलपर्यंतच्या त्या काही दिवसांच्या वाटेत त्याची चारशेहून अधिक माणसं ठार-जखमी झाली, सामानाचे बैल आणि गोण्या मराठ्यांच्या हाती पडल्या. पनवेल गाठल्यावरच त्या फौजेने श्वास घेतला.

ही माघार खाल्लेली माणसंच पुढे पदकाची मानकरी ठरली. बंगाल सरकारने 1784 साली एक पदक काढलं, ते आता 'डेक्कन मेडल' या नावाने ओळखलं जातं. हिंदी शिपायांना सरसकट मोहिमेसाठी दिलेलं कंपनीचं हे पहिलं पदक. वरच्या हुद्द्याच्या देशी अंमलदारांना सोन्याचं, बाकीच्यांना चांदीचं, आकार दोन, आणि ते छातीवर लावायचं नव्हतं, पिवळ्या गोफाने गळ्यात घालायचं होतं. दर्शनी बाजूला ब्रिटनची देवता किल्ल्याकडे हात करून विजयमाला धरते आहे. मागच्या बाजूला फारसी मजकूर आहे, आणि त्यात हिंदुस्थानातून दक्षिणेपर्यंत विजयी झालेल्या सिंहहृदयी इंग्रजांची कीर्ती गायली आहे. पदक घालणारे सगळे हिंदी शिपाई होते. त्यांच्या गळ्यातल्या पदकावर गौरव मात्र इंग्रजांच्या नावाचा होता.

त्याहून मनाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. हे पदक फक्त बंगालच्या फौजेला मिळालं. मुंबईच्या फौजेतले शिपाई, म्हणजे मोठ्या प्रमाणात कोकणातली माणसं, त्याच युद्धात होते. वडगावच्या माघारीत पिछाडी सांभाळणारा हार्टले मुंबईचा. गोडार्डचा वसईचा वेढा चालू असताना मराठ्यांची फौज अडवून धरली ती याच हार्टलेच्या शिपायांनी. भिवंडीजवळ दुगाडला 12 डिसेंबर 1780 च्या लढाईत रामचंद्र गणेश कानडे पडले तेही त्यांच्याशी लढताना. या माणसांना कसलंही पदक मिळालं नाही. पदक कलकत्त्याच्या सरकारने काढलं आणि आपल्या माणसांना दिलं.

हे कोकणी शिपाई कोण होते? मुंबईच्या पलटणींत मराठे होते, महार होते, मुसलमान होते आणि बेने इस्राएल होते. पेण, अलिबाग, पनवेल भागातल्या गावांवरून आडनावं घेतलेला, मराठी बोलणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून 'शनिवार तेली' म्हटला जाणारा हा समाज कंपनीच्या फौजेत संख्येच्या मानाने फार मोठ्या प्रमाणात गेला. त्यांच्यातल्या समाजी हसाजी दिवेकरांनी, म्हणजे सॅम्युअल इझेकियल दिवेकरांनी, 1796 मध्ये मुंबईत आपल्या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटून आलेला हा लष्करी अंमलदार. मशीद बंदरच्या सॅम्युअल स्ट्रीटला त्याचंच नाव आहे. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग 1849 चं. कंपनीच्या पदकांचा इतिहास शोधायचा तर लंडनइतकंच या गल्ल्यांतही डोकवावं लागतं.

टिपूच्या पाडावानंतर जे पदक निघालं, त्यात हुद्दा धातूतून दाखवला होता. 4 मे 1799 ला श्रीरंगपट्टण पडलं. पदकं इंग्लंडमध्ये मॅथ्यू बोल्टनच्या टांकसाळीत पाडली गेली. ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला आडवा करतो आहे असं चित्र. बड्या अंमलदारांना सोन्याचं, त्याखालच्यांना सोन्याचा मुलामा दिलेलं, मग चांदीचं, मग काशाचं, आणि साध्या शिपायाला कथलाचं. खिंडारावर आधी चढला तो कथलाचा धनी. ही रीत पुढे बदलली ती वॉटर्लूनंतर. 1815 च्या त्या लढाईसाठी ब्रिटिश सरकारने सेनापतीपासून शिपायापर्यंत सगळ्यांना एकच चांदीचं पदक दिलं, कडेवर प्रत्येकाचं नाव कोरून. कडेवरचं नाव ही फार मोलाची गोष्ट आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

वॉटर्लूला पदक मिळालं आणि त्याआधी स्पेन-पोर्तुगालात वर्षानुवर्षं लढलेल्यांना नाही, म्हणून तिथले म्हातारे सैनिक कुरकुरत राहिले. 1847 मध्ये त्यांच्यासाठी एक पदक निघालं. मग हिंदुस्थानात लढलेल्यांनी मागणी केली आणि 21 मार्च 1851 ला आर्मी ऑफ इंडिया मेडलला मंजुरी मिळाली. खर्च कंपनीचा. पदकावर 1799 ते 1826 अशी वर्षं आहेत, पण पहिली पट्टी 1803 ची आहे. 1799 च्या श्रीरंगपट्टणाला आधीच वेगळं पदक मिळालं होतं. राणीच्या मुद्रेचा तपशील तर थक्क करणारा आहे. व्हिक्टोरियाचा जन्म मे 1819 मधला. मराठ्यांशी झालेल्या ज्या लढायांच्या पट्ट्या या पदकावर आहेत, त्यांतली एकही तिच्या जन्मानंतरची नाही. शिपाई लढला कंपनीसाठी, वेतन घेतलं कंपनीचं, आणि म्हातारपणी त्याच्या छातीवर आली ती एक राणी, जी त्या वेळी जन्मलीही नव्हती.

अट मोठी निर्दय होती. पदक फक्त हयात असणाऱ्याला, तेही त्याने अर्ज केला तर. असईच्या लढाईत वीस वर्षांचा असलेला शिपाई 1851 मध्ये 68 वर्षांचा झालेला. कोरेगावला पंचवीसचा असलेला, 58. त्या काळच्या आयुर्मानात इतकी वर्षं काढणारे किती? आणि जे होते ते निवृत्त होऊन गावी गेलेले. कोकणातल्या, देशावरच्या, तेलंगणातल्या खेड्यांत इंग्रजीत निघालेली ही बातमी पोहोचायची कशी, अर्ज लिहायचा कोणी? सगळी मिळून साडेचार हजारांच्या आसपासच पदकं वाटली गेली. हजारो माणसं लढलेल्या लढायांची एवढीच मोजदाद झाली. आज लंडनच्या लिलावांत या पदकांना मोठी किंमत येते, आणि ती याच दुर्मीळपणामुळे. त्या दुर्मीळपणामागे किती माणसं अर्ज न करताच मेली, हा विचार लिलावाच्या यादीत कुठे नसतो.

कोरेगावची पट्टी त्यांतही विरळा. ती मिळालेल्यांची संख्या शंभराच्या आत आहे. 1 जानेवारी 1818 ला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबईच्या पायदळाचे पाचशेच्या आसपास शिपाई, पुण्याचे काही घोडेस्वार, आणि मद्रासच्या तोफखान्याचे मूठभर गोरे गोलंदाज दोन तोफांसह होते. भीमेच्या पलीकडे पेशवा बाजीरावाची वीस हजारांहून मोठी फौज. त्यातली काही पथकं नदी ओलांडून गावात शिरली आणि दिवसभर गल्लीबोळांत झुंज चालली. पाण्यावाचून तडफडत शिपाई लढले. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. कंपनीने 1821 मध्ये तिथे स्तंभ उभारायला घेतला आणि त्यावर मेलेल्यांची नावं कोरली. त्या 49 नावांत 22 नावं 'नाक' अशी संपणारी आहेत, म्हणजे महार शिपायांची. मराठे, रजपूत, मुसलमान, बेने इस्राएल यांचीही नावं त्याच दगडावर आहेत.

स्तंभाने जे केलं ते पदकाला जमलं नाही. पदक जिवंत माणसाला मिळालं; मेलेल्याचं नाव फक्त दगडावर राहिलं, आणि ते नाव वाचून पुढच्या पिढ्या उभ्या राहिल्या. लष्करी सेवेचा दाखला हा रायगड-रत्नागिरीच्या महार समाजाने आपल्या हक्काच्या मागणीचा पायाच केला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून 1886 मध्ये निवृत्त झाले. 1890 च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा 1894 मध्ये त्यांनी सरकारला अर्ज लिहिला, आपल्या लोकांनी केलेली चाकरी पुढे ठेवून. त्यांच्यासारखे निवृत्त सैनिक कॅम्प दापोलीत वसले होते. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर मुलाबाळांसह तिथेच राहायला आले. त्यांचा मुलगा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, 1 जानेवारी 1927 ला कोरेगावच्या स्तंभापाशी गेला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

इथे कोणी म्हणेल, ही तर आपल्या राज्याच्या पराभवाची पदकं, त्यांचं कौतुक कशाला? प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. खडकीला दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी माणसं होती. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या स्वारांना पदक नाही, पट्टी नाही. त्यांचं राज्यच गेलं, मग पदक देणार कोण? म्हणून या पट्ट्या वाचताना मी त्यांना अर्ध्या कागदासारखं वाचतो. दुसरा अर्धा पोवाड्यांत, बखरींत आणि पेशवे दप्तरात आहे. पण पहिला अर्धा फेकून देण्याचंही कारण नाही, कारण त्यावर ज्यांची नावं आहेत ते दूरदेशीचे नव्हते. ते याच खाड्यांकाठचे, याच घाटांखालचे होते. आणि सरकारी पदक मिळालं नाही म्हणून नावं पुसली जातात असंही नाही. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या लढ्यात जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यांची नोंद कोणत्याही सेवापदकाच्या कडेवर नाही. ती जासईने ठेवली. दरवर्षी जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होतं, आणि त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचं हे गाव त्या तारखा विसरलेलं नाही.

पहिल्या महायुद्धाच्या पदकांकडे आलं की 'कोणाची हजेरी कोणत्या धातूत' हा प्रश्न पुन्हा पुढे येतो. लढणाऱ्याला 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीचं. मजूर तुकड्यांत गेलेल्या हिंदी, चिनी आणि माल्टाच्या माणसांना तेच पदक काशाचं. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 ला भुकेने खंगलेली ती फौज शरण गेली आणि कैदेत कितीतरी मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने त्या युद्धात 46 माणसं गमावली. त्या गावाला आज 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात.

शौर्यपदक आणि सेवापदक यांतला फरक आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाकडे पाहून सगळ्यात स्पष्ट होतो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. 10 जुलै 1944, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. घाडगे एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, आणि गोळ्या भरायला वेळ नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने पाडलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय 22. त्यांची कबर सापडलेली नाही. नाव कसिनोच्या स्मारकावर आहे, आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. व्हिक्टोरिया क्रॉस त्या दिवशीच्या त्या धावेचा. पण 'इटली स्टार' हे सेवापदक इटलीच्या मोहिमेत असलेल्या सगळ्यांचं: घाडग्यांचं, त्यांच्यासोबत पडलेल्यांचं आणि जखमींना उचलून नेणाऱ्यांचंही.

स्वातंत्र्यानंतर राजाची मुद्रा गेली. मग तिच्या जागी काय यावं? 'जनरल सर्व्हिस मेडल 1947' या स्वतंत्र भारताच्या पहिल्या मोहिमपदकावर जे चिन्ह घेतलं ते पाहून मराठी माणसाच्या अंगावर काटा येईल: भवानी तलवार. मागे कमळ. ज्या पदकांनी मराठ्यांच्या पराभवांची यादी केली, त्यांच्या गादीवर शिवछत्रपतींच्या तलवारीचं पदक आलं. पट्ट्यांची पद्धत मात्र तशीच ठेवली. पहिली पट्टी जम्मू आणि काश्मीरची. पुढे कोरिया, नागा टेकड्या, गोवा 1961, लडाख आणि नेफा 1962, मिझो टेकड्या.

काश्मीरच्या पट्टीमागे कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे उभे दिसतात. ते बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांची वाट शत्रूने सुरुंगांनी आणि झाडांच्या अडथळ्यांनी बंद केली होती. राणे आणि त्यांच्या सॅपर्सनी गोळीबारात, काही वेळा रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, ती मोकळी केली. राण्यांना परमवीर चक्र मिळालं, जिवंतपणी ते मिळवणारे ते पहिले. पण त्यांच्यासोबत सुरुंग उपसणाऱ्या प्रत्येक सॅपरला 'जम्मू आणि काश्मीर' पट्टीचा हक्क होता. या बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे खडकीला. 1851 च्या पट्टीवरचं खडकी आता सुरुंग उपसायला शिकवणाऱ्यांचं घर आहे.

पुढची पदकं भराभर सांगता येतील, कारण त्यांची नावंच पुरेशी बोलकी आहेत. 1960 च्या 'सैन्य सेवा' पदकाला लढाईऐवजी मुलखांच्या पट्ट्या आल्या: हिमालय, मरुभूमी, अंदमान आणि निकोबार. शत्रू समोर नसला तरी कडाक्याच्या जागी राहणं हीच सेवा, हे त्यात मान्य झालं. सियाचिनचं वेगळं पदक त्याच विचाराचं. 1965 साठी समर सेवा तारा आणि रक्षा पदक, 1971 साठी पूर्वी तारा, पश्चिमी तारा आणि संग्राम पदक, 1999 साठी ऑपरेशन विजयची पदकं. शिवाय 9, 20 आणि 30 वर्षांच्या नोकरीची दीर्घ सेवेची. उरणच्या नौदलाच्या शस्त्रागारात किंवा जहाजावर काढलेल्या वर्षांची नोंदही याच रांगेत येते. सैनिक निवृत्त होऊन गावी येतो तेव्हा शेजारी त्याला विचारतात, 'लढाईवर होतास का?' फितींची ओळ वाचता आली तर हा प्रश्न विचारावा लागत नाही.

आता कडेविषयी, ज्याकडे येतो म्हणालो होतो. पदकाचा दर्शनी भाग सरकार सांगतं, कड माणूस सांगते. जुन्या पदकांच्या कडेवर सेवाक्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असतं. आजोबांच्या पेटीतलं पदक कुणाचं, कुठल्या युद्धाचं, हे बहुतेक वेळा एका भिंगाने कळतं. सेवाक्रमांक हाती आला की पुढची वाट सरळ: मराठा रेजिमेंटच्या माणसाची कागदपत्रं बेळगावला, महार रेजिमेंटची सागरला, सॅपर्सची खडकीला, अर्ज कसा करायचा हे अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं.

म्हणून उरण, पनवेल, पेणच्या घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पदक पॉलिशने घासू नका. घासून अक्षरं झिजतात आणि एकदा गेलेलं नाव परत येत नाही. सोनाराकडे नेऊ नका. एका पदकात जेमतेम तीन तोळे चांदी भरते आणि ती वितळली की एका माणसाची हजेरीही वितळते. फीत मळकी झाली तरी ती काढून नवी लावू नका, जुन्या फितीच्या रंगावरूनच कधी कधी पदक ओळखावं लागतं. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा पूर्ण फेरा येईल असे फोटो काढा. पदकासोबत पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, पलटणीतला एखादा फोटो असेल तर ते एकत्रच ठेवा, वाटण्या झाल्या तरी फोडू नका. आणि घरातलं जे सगळ्यात म्हातारं माणूस ते पदक ओळखतं, त्याला विचारून एका वहीत लिहून घ्या: कोण, कुठल्या साली भरती झाला, कुठे कुठे होता, कधी गावी परतला.